नोंद नसलेला रविवार

मंगळवारी सकाळी सव्वासातला वैभवी नेरुरकरने वादीच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, पाण्यात हात घातला आणि तळाच्या खडीवरून जे चिमटीत आलं ते तिने तत्क्षणी ओळखलं. त्या डोंगरातला गाळ काळपट तांबूस असतो, बोटांना खरखरतो. हा राखाडी पांढरा होता आणि बोटांवर लोण्यासारखा पसरत होता. शाडू होता तो. पेणचा. कुठल्या कारखान्यातला हेही तिला ठाऊक होतं, कारण त्याची पावती तिच्या सासूबाईंच्या पर्समध्ये होती.

"काय आहे?" काठावरून फहदने इंग्रजीत विचारलं.

"गाळ."

"गाळ आहे ते मलाही दिसतंय, मॅडम. आला कुठून?"

खडीत पुरलेली जाळीची पहिली टोपली वैभवीने वर काढली. गुरुवारी या टोपलीत काचेच्या मण्यांसारखी एकसष्ट अंडी दिसली होती. आता खडीच्या फटी कोणी हाताने लिंपाव्यात तशा बुजल्या होत्या आणि आतली अंडी दुधी पडली होती. तिने चारही टोपल्या काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग आकडा सांगितला, कारण आकडा सांगणं हे तिचं कामच होतं.

"दोनशे चौदापैकी नऊ जिवंत."

फहदने टोपी काढली आणि परत घातली. त्याच्या मागे तीन पावलांवर राखणदार नोमान उभा होता.

वादी नुखैल मसाफीच्या पुढे डोंगरात आहे. दुबईत अल नहदामधल्या वैभवीच्या घरापासून गाडीने सव्वा तास. इमारतींच्या गर्दीतून निघालेल्या माणसाला खरं वाटत नाही, पण तिथे कातळातून बारा महिने पाणी येतं. उन्हाळ्यात मनगटाएवढी धार उरते, एवढंच. त्या पाण्यात बोटभर लांबीचा एक करडा मासा राहतो. पाय बुडवून बसलं तर पायाला चावे घेतो, गुदगुल्या होतात. हा मासा अंडी घालतो ती वाहत्या पाण्याखालच्या स्वच्छ खडीत. फटींतून पाणी खेळतं राहिलं तर अंडी जगतात, फटी बुजल्या की गुदमरतात.

एप्रिलमध्ये या देशाने कधी पाहिला नव्हता असा पाऊस पडला. त्या लोंढ्याने वरच्या रस्त्याची माती, टायर, एका फ्रिजचं दार, सगळं वादीत आणून टाकलं. खडीवर कोपरभर चिखल बसला. सरकारी खात्याने ओढा पूर्ववत करायचं काम वैभवीच्या सल्लागार कंपनीला दिलं आणि कंपनीने वैभवीला. ती बेचाळीस वर्षांची होती, चौदा वर्षं इथे होती आणि असं काम शिकलेली ऑफिसात ती एकटीच होती. कंपनीनेच एकदा तिला सहा आठवडे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवलं होतं. तिथे सामन मासे समुद्रातून परत येऊन ज्या ओढ्यांत अंडी घालतात ते बिघडलेले ओढे कसे दुरुस्त करतात, ते तिने गुडघाभर थंड पाण्यात उभं राहून पाहिलं होतं. पहिल्या बैठकीत तिने त्या सामनचे फोटो दाखवले तेव्हा खात्याचा देखरेख अधिकारी असलेला फहद हसला होता.

"मॅडम, तुमचा हा मासा आमच्या माशाला नाश्त्याला खाईल."

"मासा कितीही मोठा असू दे, खडीचं गणित तेच आहे," वैभवी म्हणाली होती. "बारीक गाळ अंड्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू. पुरापेक्षा मोठा."

तेव्हापासून फहद तिला सामन मॅडम म्हणायचा. बारीक गाळाचं ते वाक्य तिने पुढे तीन अहवालांत लिहिलं.

मे ते ऑगस्ट काम चाललं. यंत्राने तळ दबतो म्हणून अकरा टन धुतलेली खडी हातगाडीने आत नेली. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या नोमानने. तो पाकिस्तानातल्या स्वातचा, पन्नाशीचा, ठेकेदाराचा माणूस. वाहत्या पाण्याची भाषा त्याला वैभवीपेक्षा चांगली कळत होती. "मैडम, यह पत्थर एक हाथ इधर, फिर पानी खुद झाड़ू मारेगा," असं म्हणायचा आणि तसंच व्हायचं. काम संपल्यावर राखणदार म्हणून त्यालाच ठेवलं. वादीच्या तोंडाशी एक केबिन, रस्त्यावर आडवी साखळी आणि साखळीपाशी एक रजिस्टर. नाव, वेळ, येण्याचं कारण. लिहिल्याशिवाय साखळी सुटणार नाही, हा नियम वैभवीचा. फहदसुद्धा लिहायचा. एकदा खात्याचे मोठे साहेब गाडीतून उतरेनात, तर नोमानने रजिस्टर खिडकीतून आत दिलं होतं. वैभवीने हा किस्सा ऑफिसात चार जणांना सांगितला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी अंडी दिसली. फहदने तिथूनच आजोबांना फोन लावला. आजोबा याच वादीच्या काठी वाढलेले. ते फोनवर रडले, असं तो म्हणाला. शनिवारी चतुर्थी होती.

आणि रविवारी वैभवीने स्वतःच्या हाताने त्या खडीच्या डोक्यावर जवळजवळ सात किलो शाडू सोडला.

वजन तिला नेमकं माहीत होतं. सासूबाई, शोभनाताई, ऑगस्टच्या शेवटी व्हिजिट व्हिसावर आल्या त्या मांडीवर मूर्ती घेऊन. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मूर्ती वजनाला ठेवायला लावली. सहा किलो आठशे ग्रॅम. केबिनची मर्यादा सात. "बाप्पाने डाएट केलं होतं म्हणून बसला," हे शोभनाताईंनी आल्या आल्या सांगितलं आणि पुढचे आठ दिवस येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

दरवर्षी विसर्जन बाल्कनीत बादलीत व्हायचं. दुसऱ्या दिवशी ते पाणी कुंड्यांना. शोभनाताईंची त्याला काही हरकत नव्हती. "बादली चालेल गं," त्या म्हणाल्या होत्या. एकदा नाही, दोनदा.

"आई, एकदा बघा तरी," वैभवी म्हणाली होती. "वाहतं पाणी आहे. मी केलेलं."

या शेवटच्या दोन शब्दांत सगळं होतं. चौदा वर्षांत तिने नातेवाइकांना दाखवावं असं काही केलं नव्हतं. अहवाल कोणाला दाखवणार? नवरा सुजीत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात होता, त्याच्या कारखान्याचे खोके तरी दुकानात दिसायचे. वैभवीने ओढा केला होता.

रविवारी साडेपाचला ते पोचले. तेरा वर्षांची केया मागच्या सीटवर ताम्हन सांभाळत होती. सुजीत वाटेत दूर्वांच्या जुडीवरून कुरकुरत होता. "पंधरा दिऱ्हम. म्हणजे साडेतीनशे रुपयांचं गवत." नोमान साखळीपाशी आला, रजिस्टर पुढे केलं.

"अरे लिखना मत," वैभवी हसून म्हणाली. "हम तो घर के लोग हैं."

नोमान क्षणभर थांबला. मग त्याने पेन कानावर ठेवलं आणि साखळी सोडली. शोभनाताईंनी त्याला डब्यातून दोन मोदक दिले. तो दोन्ही हातांनी घेऊन केबिनकडे गेला.

हळू आवाजात आरती झाली. वैभवीने जागा निवडली. गुडघाभर पाणी, खडीच्या पट्ट्याच्या जरा वरच्या अंगाला, जिथे धार शांत होती. तीन वेळा बुडवून तिने मूर्ती तळाशी टेकवली. शाडू किती पटकन विरघळतो ते बादलीत कधी कळत नाही. इथे पाच मिनिटांत पाणी दुधासारखं झालं आणि ते दूध सावकाश खाली सरकायला लागलं.

"मॉम," केया म्हणाली, "इट्स गोइंग ओव्हर द एग्ज."

"शाडू आहे तो, नॅचरल असतो. मातीच आहे."

"बट यू सेड फाइन मड इज..."

"केया. आत्ता नाही. नमस्कार कर."

मग रीत म्हणून पाटावर घ्यायला वैभवीने तळातले पाच खडे उचलले. खडीच्या पट्ट्यातलेच, हाताशी आले ते.

मंगळवारी हे सगळं तिला एका चिमटीत आठवलं.

फहदने चौकशी तिथेच काठावर केली. त्याने रजिस्टर मागवलं. शुक्रवार: फहद. शनिवार: ओळ कोरी. रविवार: कोरी. सोमवार: कोरी.

"कोणी आलं नाही?" त्याने नोमानला हिंदीत विचारलं. त्याची हिंदी चांगली होती, दुकानांत शिकलेली.

"नहीं साब."

"मग हे पांढरं आभाळातून पडलं?"

फहदची नजर इकडेतिकडे फिरली आणि केबिनवर थांबली. केबिनच्या पायरीला नवं पांढरं सिमेंट लावलं होतं. शेजारी अर्धी गोणी आणि एक बादली.

"पायरी कधी केलीस?"

"इतवार को, साब. सुबह."

"आणि बादली कुठे धुतलीस?"

वैभवीने तेव्हा नोमानकडे पाहिलं आणि नोमानने तिच्याकडे. ते फार वेळ नव्हतं. श्वास आत घेऊन सोडावा एवढंच. त्या वेळात तिला एक वाक्य बोलता आलं असतं.

"यहीं धोई, साब," नोमान म्हणाला. "ग़लती हो गई."

फहदने मोठा श्वास सोडला. "खलास," तो म्हणाला. चिडून नव्हे, थकून. मग वैभवीकडे वळला. "ठेकेदाराला मी कळवतो. याला परत पाठवा, दुसरा माणूस द्या. तुमचा अहवाल मला गुरुवारी दुपारपर्यंत हवा. कारण स्पष्ट लिहा."

"हो," वैभवी म्हणाली.

तिच्या हातात पाणी तपासायचं मीटर होतं. खडीत सिमेंट बसलं असतं तर पाण्याच्या सामूचा, म्हणजे पीएचचा, आकडा दोन दिवसांनीही चढलेला दिसला असता, हे तिच्या क्षेत्रातल्या नवख्यालाही कळतं. आकडा रोजचाच होता, आठ पूर्णांक एक. सात वाजून वीस मिनिटांनी तिने तो वाचला होता. आता तिने मीटरचं झाकण लावलं आणि ते बॅगेत टाकलं.

घरी संध्याकाळी तिने सुजीतला सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आईंना ऐकू जाऊ नये. सुजीतने आधी नळ बंद केला.

"त्याने स्वतःच कबूल केलंय ना? मग?"

"त्याने केलेलंच नाही, तर कबूल काय?"

"वैभवी, नीट विचार कर. हे तुझ्यामाझ्यापुरतं नाहीये. उद्या कागदावर काय येणार? गणपती. आपण इथे चौदा वर्षं दारं लावून, आवाज कमी ठेवून, कोणाला त्रास न देता सण केला. एका ओळीने सगळ्यांचं नाव जाईल. इथल्या मराठी मंडळाचं, आपल्या सगळ्यांचं. शिवाय तुझी नोकरी. केयाची शाळा."

"आणि नोमान?"

"त्याला काम मिळेल कुठेतरी. आपण काही मदत करू."

"किती?" वैभवीने विचारलं.

सुजीतने मान फिरवली. तो वाईट माणूस नव्हता, आणि ज्या गोष्टी तो बोलत होता त्या सगळ्या सकाळपासून तिच्या स्वतःशी बोलून झाल्या होत्या. त्याच्या तोंडून ऐकताना त्या किती पटणाऱ्या वाटतात याचीच तिला लाज वाटली.

हॉलमध्ये देव्हाऱ्याजवळ पाट होता आणि पाटावर ते पाच खडे, वर हळदकुंकू. शोभनाताई शेजारी बसून वाती वळत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "नळ बंद केलात तेव्हापासून ऐकू येतंय मला."

वैभवी त्यांच्यासमोर खाली बसली.

"मी काही बोलणार नाही," शोभनाताई म्हणाल्या. "बोलायचं ते मी आधी दोनदा बोलले होते." आणि वात वळत राहिल्या.

आतल्या खोलीतून केया आली, पाण्याची बाटली घेतली आणि परत गेली. तिने आईकडे पाहिलं नाही. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी वैभवी ऑफिसात अहवाल लिहायला बसली. गाळाचा प्रकार, खडीच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ, थराची जाडी. क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. थर सरासरी सव्वा मिलिमीटर. पुढे एक गणित तिला टाळता येईना. तिने कागदावर सहा पूर्णांक आठ लिहिलं, शाडूच्या घनतेने भागलं, साडेतीनवर पसरवलं. उत्तर सव्वाच्या जवळ आलं. इतक्या जवळ की मूर्तीचा कोणताही भाग वाहून गेला असेल असं म्हणायला जागा उरली नाही.

मग सामूची ओळ आली. तिथे आठ पूर्णांक एक लिहिलं तर सिमेंट खोटं ठरत होतं. सिमेंट खरं ठरवायला अकरा लिहावे लागले असते. चौदा वर्षांत तिने खोटा आकडा लिहिला नव्हता. तिने ती चौकट रिकामी ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं की रिकामी चौकट ठेवणं ही गोष्ट ती रविवारपासून दुसऱ्यांदा करते आहे.

तिने नोमानला फोन केला.

"क्यों बोला तुमने?"

"मैडम, छोड़िए. मेरा तो क्या है, एक बिस्तर, एक बैग. आपका पूरा घर है."

"मैंने तुम्हें बोलने को नहीं कहा था."

"आपने जुलाई में मेरी जान बचाई. चार घंटे अस्पताल में बैठी थीं आप. मेरी अपनी बहन नहीं बैठती."

जुलैत साडेबारानंतर उन्हात काम बंद ठेवायचा नियम होता. सव्वाबाराला वैभवी त्याला म्हणाली होती, ये दो गाड़ी डाल दो, फिर बंद. दोन हातगाड्यांना पस्तीस मिनिटं लागली होती. दुसऱ्या गाडीवर नोमान कोसळला. चार तास ती बसली होती ते त्याच्यासाठी होतं की कोणी वेळ विचारेल या भीतीने, हे तिने स्वतःला तेव्हाही विचारलं नव्हतं. आणि हा माणूस ते उपकार म्हणून सांभाळून ठेवत होता, आणि आता फेडत होता.

"नोमान, उस दिन साढ़े बारह के बाद काम मैंने करवाया था."

"मालूम है, मैडम," तो म्हणाला. "घड़ी मेरे पास भी है. फिर भी आप बैठी थीं."

गुरुवारी अकरा वाजता ती फहदच्या ऑफिसात गेली. अहवाल दोन पानी होता. फहदने तो उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदावर खाली बसला. त्याने गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला होता, तो येऊन निवला. वाचून झाल्यावर त्याने कागद पालथे ठेवले.

"तुम्ही."

"मी."

"सामन मॅडम." त्यात या वेळी थट्टा नव्हती. "तुम्ही मला शिकवलंत. बारीक गाळ म्हणजे काय, ते मी तुमच्याकडून शिकलो."

"हो."

"ऐका. तुमच्या देवाबद्दल मी काही बोलणार नाही, ते माझं काम नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं आणि दुसरी जागा दाखवली असती. ते सोडा. रजिस्टरमध्ये लिहू नकोस म्हणालात, हे मला कळत नाही. नियम तुमचा होता."

वैभवीने तयार करून आणलेलं उत्तर तिला आठवेना. "मला वाटलं ती जागा माझी आहे," ती म्हणाली.

फहद म्हणाला, "आणि हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला. आता तो खोटारडाही ठरला. तुमच्या खरेपणाने त्याचं काय भलं झालं?"

हे तिने धरलंच नव्हतं. खरं लिहिलं की नोमान सुटेल असं गणित तिने केलं होतं, आणि सगळी गणितं बरोबर करणाऱ्या बाईचं हे एक चुकलं होतं.

"साखळी त्याने माझ्या सांगण्यावरून सोडली," ती म्हणाली. "नोंद माझ्या सांगण्यावरून केली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथे उभी होते. मी त्याची वरिष्ठ. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं आणि मी गप्प राहिले. मी गप्प राहते याचा अर्थ त्याने हुकूम असा घेतला, आणि मी तो तसा घेऊ दिला. तेही लिहा. नाहीतर मी लिहिते."

"लिहा," फहद म्हणाला आणि पेन पुढे केलं.

तिने तिसरं पान हाताने लिहिलं. मराठीत विचार करत आणि इंग्रजीत लिहीत, खाडाखोड करत. जुलैची पस्तीस मिनिटंही लिहिली. फहदने ते वाचलं, खाली तारीख घालायला लावली.

"तो राहील," तो शेवटी म्हणाला. "ते तुमच्यासाठी नाही. त्याच्याइतकी ती वादी दुसऱ्या कोणाला कळत नाही. तुम्ही मात्र साखळीच्या आत यायचं नाही. कंपनीला मी तसं कळवतो."

दारापर्यंत जाऊन वैभवी थांबली. "आजोबांना..."

"त्यांना मी अजून सांगितलेलं नाही," फहद म्हणाला. "रोज विचारतात."

कंपनीने तिला काढलं नाही. दुसऱ्यांचे सांडपाण्याचे अहवाल तपासायला बसवलं. मंडळाचं नाव कुठे आलं नाही. तिच्या अहवालात 'मातीची मूर्ती, माझी' एवढंच होतं. शोभनाताई ऑक्टोबरात परत गेल्या. जाताना पाटावरच्या खड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पुढच्या वर्षी पाण्यात सोडतात. पण तू तेवढं थांबू नकोस."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ती एकटी वादी नुखैलला गेली. हवा छान झाली होती. साखळीपाशी नोमान होता, अंगात स्वेटर. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला. साखळी सोडली नाही. तिनेही त्या बाजूला पाहिलं नाही.

"मैंने ब्रश से धोया सब," त्याने सांगितलं. "ग्यारह दिन. फहद साब भी आते थे, जूते उतारकर. अक्तूबर में फिर अंडे आए. इस बार कम थे. बच्चे निकले, छोटे, आँख ही आँख."

"कितने?"

"साब गिनते हैं. मुझे बताने को मना है." तो थोडा संकोचला. "बाहर वालों को."

वैभवीने मान हलवली. पर्समधून तिने डबी काढली. पाच खडे, हळदकुंकू घासून धुतलेले. "ये अंदर के हैं. वापस डाल दोगे?"

नोमानने एकेक खडा उलटून पाहिला. अंगठ्याने घासून पाहिला, गाळ लागतोय का. ओढ्याकडे नेले नाहीत. केबिनच्या खिडकीत ओळीने मांडून ठेवले.

"साब से पूछकर डालूँगा," तो म्हणाला. "बिना पूछे अंदर कुछ नहीं डालते, मैडम."

चहा संपला. ती उठली तेव्हा त्याने रजिस्टर पुढे केलं. पानं उलटताना सप्टेंबरचं पान गेलं. रविवारची ओळ तशीच कोरी होती. कोणी मागाहून भरली नव्हती. आजच्या पानावर तिने नाव लिहिलं. वेळ लिहिली, दहा वाजून पंचवीस. कारणाच्या रकान्यापाशी पेन जरा अडलं. मागे नोमान बघत उभा होता, ती काय लिहिते ते वाचायला नव्हे, लिहिते आहे ना हे बघायला.

'दगड परत केले,' तिने लिहिलं आणि रजिस्टर त्याच्या हातात दिलं.